दहशतवादाला उत्तर : सूड की संरक्षण?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)

पुढे सतरंजीवर जागा आहे, पोरांनो, पुढे येऊन बसा. आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

समितीने आम्हाला ‘धम्म आणि कौटुंबिक जीवन’ हा विषय सुचविला होता. विषय चांगला आहे, पण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही समितीची परवानगी घेऊन दुसरा विषय घेतला, त्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मिरात पहलगाम येथे २६ माणसे मारली गेली. धर्म विचारून गोळ्या घातल्या. मेलेल्यांतले सहाजण आपल्या महाराष्ट्रातले होते. त्यानंतरच्या रविवारी वंदना संपल्यावर याच सभागृहात वादावादी झाली. आपल्या पोरांनी सरळ विचारलं, की आपण रोज पंचशील घ्यायचं, प्राणिहिंसा करणार नाही म्हणायचं, आणि असली माणसं मारणाऱ्यांना काय फुलं वाहायची? जुन्या मंडळींनी त्यांना दटावून गप्प केले. आम्हाला ते काही पटले नाही. विहारात प्रश्न विचारायचा नाही तर कुठे विचारायचा? तथागतांनी तर स्वतःचे म्हणणेसुद्धा पारखून घ्या म्हणून सांगितले.

तर आधी दहशतवाद म्हणजे काय ते बघू. आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही, त्यामुळे आमची व्याख्या साधी आहे. ज्याच्याशी भांडण आहे त्याला गाठायचे नाही. जो हाताला लागेल, मग तो स्टेशनवर गाडीची वाट बघणारा असो की बायकोमुलांना घेऊन फिरायला आलेला, त्याला मारायचे, आणि त्याच्या मरणाने बाकीच्यांच्या मनात भीती भरायची. मेलेल्या माणसाशी मारणाऱ्याचे काही देणेघेणे नसते. तो त्याच्या लेखी निरोप लिहायचा कागद असतो. म्हणून ही गोष्ट वाईट आहे, आणि तिच्यामागे कारण कोणतेही असले तरी ती वाईटच राहते.

यावर आमचे काही पुरोगामी मित्र म्हणतात की त्यामागचा अन्यायही बघा. अन्याय बघावाच. पण अन्यायाची गोष्ट निदान आपल्याला तरी कुणी सांगू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर गुंडांनी लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. जेवत बसलेल्यांना मारले, बायकापोरांना मारले. परिषदेला पलटणीत नोकरी केलेली माणसे पुष्कळ आली होती. ती नुसती बाबासाहेबांच्या शब्दाची वाट बघत होती. एक शब्द सुटला असता तर महाडमध्ये रक्ताचा पूर आला असता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. फिर्यादी झाल्या, काही हल्लेखोर तुरुंगात गेले, आणि तळ्याच्या हक्काचा दावा दहा वर्षे चालून १९३७ साली हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. दोन हजार वर्षांचा अन्याय पाठीवर असलेल्या समाजाने गावातल्या निरपराध माणसाच्या घराला हात लावला नाही. हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी केले, त्यांना ‘अन्याय झाला म्हणून बॉम्ब ठेवला’ हे कुणी पटवू शकणार नाही.

बरं, मग पोरांचा प्रश्न. मारायला आलेल्याला मारायचंच नाही का?

इथे पुष्कळ वक्ते अंगुलिमालाची गोष्ट सांगतात आणि टाळ्या घेतात. गोष्ट थोर आहे. पण अंगुलिमाल एकटा होता, त्याच्या हातात तलवार होती, त्याला कुणी पैसा पुरवत नव्हते, समुद्रापलीकडून फोनवर हुकूम देत नव्हते. ती गोष्ट इथे ताणू नये. आपल्या उपयोगाची गोष्ट वैशालीच्या सिंह सेनापतीची आहे, आणि ती बाबासाहेबांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात दिली आहे. सिंह हा लढणारा माणूस. त्याने तथागतांना विचारले, की आपण अहिंसा सांगता, मग गुन्हेगाराला सोडून द्यायचे काय? बायकामुलांच्या रक्षणासाठीही लढायचे नाही काय? तथागतांच्या उत्तराचा आशय आमच्या शब्दांत सांगतो. अपराध्याला शिक्षा झाली पाहिजे आणि निरपराध सुटला पाहिजे. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाला दोष लागत नाही. शांततेचे सगळे उपाय थकले तर हिंसेचा दोष लढाई सुरू करणाऱ्याच्या माथी जातो. दुष्ट शक्तीपुढे मान तुकवायची नाही, मात्र लढाई स्वार्थासाठी असता कामा नये.

म्हणजे धम्म हात बांधून बसा असे सांगत नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हीच गोष्ट आणखी उकलून सांगितली. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. अहिंसा हा त्यांनी डोळे मिटून पाळायचा नियम मानला नाही, तर ते तत्त्व मानले. म्हणजे प्रत्येक वेळी डोके चालवून ठरवायचे. आम्ही रविवारच्या वादात बघितले, दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे उत्तर धरले होते. पोरांनी ‘अपराध्याला शिक्षा’ एवढे धरले. म्हाताऱ्यांनी ‘अहिंसा’ एवढे धरले. ‘निरपराध सुटला पाहिजे’ हे मधले वाक्य कुणीच धरले नाही. आणि सगळा कस तिथेच लागतो.

कारण गरज आहे असे तर प्रत्येक मारणारा म्हणतो. ११ जुलै १९९७ चा दिवस आठवा. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे दिसले, माणसे महामार्गावर जमली, आणि राज्य राखीव दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. सरकारी बाजू काय सांगत होती? जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबाराची गरज होती. तेव्हा आपण काय केले? चौकशी मागितली. गुंडेवार आयोग बसला, आयोगाने गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला, आणि २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. पुढे ती शिक्षा स्थगित होऊन तो बाहेर आला, ते सगळे आपल्याला माहीत आहे. पण सांगायचा मुद्दा वेगळा आहे. गोळी झाडणाऱ्याने ‘गरज होती’ म्हटले म्हणून आपण ते मान्य केले नाही. आपली माणसे मेली तेव्हा आपण पुरावा मागितला. मग दुसऱ्याची माणसे मरतात तेव्हा नुसत्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा?

वर्षावासात आपण ग्रंथवाचन करतो, त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण सगळ्यांनी ऐकले आहे. तरी आज ते या प्रश्नासाठी पुन्हा ऐका. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांच्या माणसांत मारामारी झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. शाक्य संघापुढे सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला. तो काय बोलला? तो ‘युद्ध वाईट’ एवढेच बोलून खाली बसला नाही. आधी चौकशी करा म्हणाला. आगळीक कुणाची ते ठरवा. आपल्याही माणसांनी मारहाण केली असे मी ऐकतो. दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. इतकी व्यवहारी सूचना, आपल्या चाळ कमिटीतसुद्धा चालेल अशी. मतदान झाले आणि सिद्धार्थ प्रचंड बहुमताने हरला. पुढे देशत्याग, घरच्यांवर बहिष्कार, जमीनजप्तीच्या धमक्या. ते सगळे अंगावर घेऊन तो निघाला. आणि बाबासाहेब पुढे हेही सांगतात की तो गेल्यानंतर कपिलवस्तूच्या लोकांनीच मिरवणुका काढल्या, युद्ध नको म्हणाले, आणि शेवटी पाण्याच्या तंट्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमले गेले.

आता दुसऱ्या एका सभागृहात जाऊ. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ रोजी विमाने इमारतींवर आदळवून २,९७७ माणसे मारली. कचेरीत काम करणारे, झाडू मारणारे, आग विझवायला धावलेले. अडीच-तीन दिवसांत, १४ सप्टेंबरला, अमेरिकेच्या संसदेपुढे ठराव आला, की राष्ट्राध्यक्षांना योग्य वाटेल ते सगळे लष्करी बळ वापरण्याची मुभा द्यावी. कोणत्या देशाविरुद्ध, किती काळ, काही लिहिलेले नव्हते. प्रतिनिधी सभागृहात ठरावाच्या बाजूने ४२० मते पडली आणि विरोधात एक. सिनेटमध्ये विरोधात एकही नाही. ते एक मत बार्बरा ली या कॅलिफोर्नियाच्या काळ्या बाईंचे होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की थोडे थांबा, कोरा चेक देऊ नका. त्यांना देशद्रोही म्हटले गेले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण द्यावे लागले. शाक्य संघातला तो एक हात आणि हा एक हात, मधे अडीच हजार वर्षे.

पुढे काय झाले ते आपण बघितले. ७ ऑक्टोबर २००१ रोजी अफगाणिस्तानवर बॉम्ब पडू लागले. विमाने पळवणारे १९ जण होते, त्यांतले १५ सौदी अरेबियाचे, अफगाण एकही नव्हता. त्यांचा पुढारी ओसामा बिन लादेन मात्र तालिबानच्या आश्रयाने तिथे होता, हे खरेच आहे. तालिबानने पुरावा मागितला, तिसऱ्या देशाच्या ताब्यात देण्याची भाषा केली. तालिबानच्या शब्दाला किती किंमत द्यावी हा भाग वेगळा. आम्ही तर कवडीची देणार नाही. पण शांततेचे सगळे उपाय थकले पाहिजेत, ही सिंह सेनापतीला घातलेली अट तिथे तपासलीच गेली नाही.

अफगाणिस्तान आपल्याला परका नाही बरं का. कंदहारला सम्राट अशोकाचा शिलालेख आहे, ग्रीक आणि अरमाईक भाषेत, जीवहत्या टाळा असे सांगणारा. बामियानच्या बुद्धमूर्ती तिथल्याच, एक ५५ मीटरची आणि एक ३८ मीटरची. त्या तालिबानने मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उडवल्या. आपल्या वस्तीतूनही तेव्हा काळे झेंडे घेऊन मोर्चा निघाला होता, इथल्या पुष्कळांना आठवेल. त्याच्या दोनच महिने आधी त्याच बामियान प्रांतात, याकावलंग भागात, तालिबानने हजारा जमातीच्या दीडशेहून अधिक निःशस्त्र माणसांना गोळा करून गोळ्या घातल्या होत्या. मूर्तींसाठी जग हळहळले, त्या माणसांची बातमी कोपऱ्यात गेली. तेव्हा तालिबानबद्दल आमच्या मनात तिळमात्र माया नाही. तरीसुद्धा विचारावे लागते, की त्या युद्धाने काय मिळवले?

वीस वर्षे युद्ध चालले. अमेरिकेचे सुमारे २,४०० सैनिक मेले. अफगाण नागरिक, म्हणजे शेतकरी, दुकानदार, बाया, मुले, चाळीस हजारांहून अधिक मेले. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी कुंदुझचे एक इस्पितळ अमेरिकन विमानाने भाजून काढले, ४२ जण गेले, त्यांत डॉक्टर आणि रोगी. आणि बिन लादेन कुठे सापडला? २ मे २०११ रोजी, पाकिस्तानात, अबोटाबादला, एका घरात. मूठभर सैनिक रात्री गेले आणि काम उरकून आले. ज्या देशावर दहा वर्षे बॉम्ब टाकले त्या देशात तो नव्हताच. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तेच तालिबान पुन्हा काबूलमध्ये बसले.

शेवटच्या आठवड्याची गोष्ट ऐका. २६ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल विमानतळावर आत्मघाती स्फोट झाला, १३ अमेरिकन सैनिक आणि दीडशेहून अधिक अफगाण मेले. उत्तर द्यायची घाई झाली. तीन दिवसांनी, २९ तारखेला, एका पांढऱ्या मोटारीवर ड्रोनमधून क्षेपणास्त्र सोडले. मोटारीत स्फोटके आहेत असे सांगितले गेले. तो माणूस एका मदतसंस्थेत काम करणारा निघाला, आणि मोटारीत ठेवलेले होते पाण्याचे कॅन. दहा माणसे मेली, त्यांत सात मुले. सप्टेंबरात अमेरिकेच्या लष्कराने चूक कबूल केली, आणि डिसेंबरात सांगितले की कुणालाही शिक्षा होणार नाही. आता या दहा घरच्यांना विचारा, गरज आणि इच्छा यांतला फरक.

गिरणीत साच्यावर धागा तुटला तर साचा बंद करून तुटलेले टोक आधी शोधावे लागते. चालत्या साच्यात रागाने हात घातला तर धागा सापडत नाही, बोट जाते. हे नव्या बदली कामगाराला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

आता दूरचे सोडा, आपल्या गल्लीत येऊ. पहलगामनंतर दोन दिवसांनी आपल्याकडे सकाळी सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याला काही पोरांनी हटकले. नाव विचारले आणि या गल्लीत पुन्हा दिसू नकोस म्हणाले. तो माणूस सतरा वर्षे आपल्याकडे पाव टाकतो. उधारी ठेवतो. आम्ही त्या पोरांची नावे घेत नाही, ती इथे बसली आहेत आणि आपलीच लेकरे आहेत. पण पोरांनो, नाव विचारून माणूस वेगळा काढायचा, हे त्या दिवशी पहलगामला कोण करत होतं? अमेरिकेत ११ सप्टेंबरनंतर चौथ्या दिवशी ॲरिझोना राज्यात पेट्रोलपंप चालवणाऱ्या एका शीख माणसाला गोळी घातली गेली. का, तर डोक्याला फेटा आणि दाढी. तो मुसलमानही नव्हता. आणि असता तरी त्याने काय केले होते? २००८ च्या मुंबई हल्ल्यात मेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात पुरायला मुंबईच्या मुसलमान ट्रस्टनी साफ नकार दिला होता. पहलगामला हल्लेखोराची बंदूक हिसकवायला गेलेला आणि त्यात मेलेला घोडेवाला स्थानिक मुसलमानच होता. आणि ज्या नौदल अधिकाऱ्याच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता, त्याच्या विधवेने लोकांना सांगितले की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, न्याय मात्र झाला पाहिजे. तिच्यावर मोबाईलवरून शिव्यांचा वर्षाव झाला. जिचा नवरा गेला तिच्यापेक्षा न गेलेल्यांना सूड जास्त हवा होता. पाववाला पुन्हा येतो आहे, आपल्या महिला मंडळाच्या दोघीजणी त्याच्याकडे जाऊन आल्या म्हणून.

इथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. भन्तेजींची क्षमा मागून बोलतो. सूडाचा रोग दुसऱ्या धर्मांनाच होतो असे आपण समजू नये. म्यानमार हा बौद्ध देश. २५ ऑगस्ट २०१७ रोजी रोहिंग्या बंडखोरांनी सुमारे तीस पोलीस चौक्यांवर हल्ले केले, डझनभर पोलीस-शिपाई मारले. तो दहशतवादच होता. पण लष्कराने उत्तर दिले ते गावेच्या गावे जाळून. सात लाखांवर माणसे बांगलादेशात पळाली. त्या दिवसांत एका नामांकित भिक्खूंनी लष्करी अधिकाऱ्यांपुढे प्रवचन दिले आणि ‘महावंस’ ग्रंथातली दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. लढाईत असंख्य माणसे मारून राजाला पश्चात्ताप झाला, तेव्हा अर्हतांनी त्याची समजूत घातली, की मेलेल्यांत खरी माणसे फक्त दीडच होती, बाकीचे धम्माबाहेरचे. अशी ती कथा. आम्ही ती वाचली तेव्हा अंगावर काटा आला. बाहेरचा तो पूर्ण माणूस नाही, हा हिशेब आपल्याला नवीन आहे काय? याच हिशेबाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले होते. त्या हिशेबाला धम्म म्हणायला आम्ही तयार नाही, मग तो पाली ग्रंथात का लिहिलेला असेना.

त्याच्या उलट सम्राट अशोक बघा. कलिंगात एक लाख माणसे मेली, दीड लाख हाकलून नेली, हे त्याने स्वतः दगडावर कोरून ठेवले. शत्रूची माणसे मोजली आणि त्यांच्यात आईबापांची सेवा करणारे, चांगले वागणारे लोक होते हेही लिहिले. आणि हे पण खरे, की अशोकाने सैन्य मोडीत काढले नाही. त्याच शिलालेखात अटवीतल्या लोकांना ताकीद आहे, की पश्चात्ताप झाला तरी राजाच्या अंगी बळ आहे. सैन्य ठेवावे, पण मेलेला माणूस पूर्ण एक मोजावा, अर्धा मोजू नये. अशोकापुरते तरी आम्ही हे असे समजतो.

मग खरे उत्तर कसे असते? आमच्या डोळ्यांपुढे एक माणूस आहे. तुकाराम ओंबळे, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक, साताऱ्याकडचे. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटी. समोर एके-४७, यांच्या हातात काठी. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या. मागच्या सहकाऱ्यांनी कसाबला पकडले. त्या हल्ल्यात १६६ माणसे मेली, दहा हल्लेखोरांतला हा एकच जिवंत सापडला. ओंबळे अहिंसावादी होते की नाही आम्हाला ठाऊक नाही. पण सिंह सेनापतीला सांगितलेले रक्षण म्हणजे काय, हे त्या रात्री दिसले. मारण्याची इच्छा कुठेही नाही, आणि माघारही नाही.

आणि जिवंत सापडल्यामुळेच पुढचे सगळे झाले. हल्ला कुणी आखला, कुठून माणसे आली, फोनवर कोण बोलत होते, हे कोर्टात पुराव्याने उभे राहिले. पाकिस्तानला तो आमचा नागरिक नाही असे फार दिवस म्हणता आले नाही. कसाबला वकील दिला, तेव्हा लोक खवळले. वकीलपत्र घ्यायला तयार झालेल्या एका बाईंच्या घरावर दगड मारले. तरी खटला चालला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल, मग हायकोर्ट, ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्ट, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. सगळा देश रागाने पेटलेला असताना कोर्टाने दोन मुसलमान पोरे सोडली. अपराध्याला शिक्षा आणि निरपराधाची सुटका, दोन्ही एकाच निकालपत्रात.

अमेरिकेत उलट झाले. ११ सप्टेंबरचा मुख्य सूत्रधार म्हणवला जाणारा खालिद शेख मोहम्मद २००३ सालीच पकडला गेला. त्याला पाण्यात गुदमरवण्याचा छळ १८३ वेळा केला. त्या छळामुळे पुरावाच नासला, आणि २०२५ साल उजाडले तरी त्याचा खटला उभा राहिलेला नव्हता. २,९७७ घरांना निकाल मिळाला नाही. एवढा पैसा, एवढे सैन्य, आणि कोर्टातला एक कागद नाही.

आता कुणी म्हणेल, कोर्टाच्या वाटेने तरी सगळे कुठे मिळाले? बरोबर आहे. मुंबई हल्ल्यामागचे बडे लोक पाकिस्तानात राहिले. त्यांतल्या काहींना तिथल्या कोर्टाने पैसा पुरवल्याच्या गुन्ह्यात शिक्षा दिली, पण मुंबईच्या १६६ माणसांबद्दल नाही. आणि घाईने पकडलेल्यांचे काय होते तेही आपण पाहिले. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली, आपल्यासारखीच. बारा जणांना २०१५ मध्ये शिक्षा झाल्या, आणि २१ जुलै २०२५ रोजी हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेले आहे. पण एकोणीस वर्षांनी त्या मेलेल्यांच्या घरी काय उत्तर द्यायचे, आणि त्या बारा जणांच्या घरी काय?

पहलगामनंतर ७ मे २०२५ च्या पहाटे आपल्या सैन्याने पाकिस्तानातील आणि पाकव्याप्त काश्मिरातील नऊ ठिकाणी हल्ले केले. दहशतवाद्यांचे तळ होते असे सरकारने सांगितले. १० मे रोजी गोळीबार थांबला. आम्हाला विचाराल, तर या विचारपीठावरून ‘हे चूक’ असे आम्ही म्हणणार नाही. जिथून मारेकरी पाठवतात त्या जागा मोडणे आणि चार दिवसांत थांबणे, हे वीस वर्षे एका देशावर बॉम्ब टाकण्यापेक्षा गरजेच्या पुष्कळ जवळ आहे. पण त्या चार दिवसांत आपल्या पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी घरे पडली, माणसे मेली, लहान मुले मेली. पलीकडेही सामान्य माणसे मेली असे तिकडचे लोक सांगतात. ती सगळी पूर्ण एकेक मोजायची. आणि पहलगामला प्रत्यक्ष गोळ्या झाडणारे तिघे २८ जुलैला श्रीनगरजवळच्या डोंगरात चकमकीत मारले गेले, असे सरकारने संसदेत सांगितले. तीन महिने माग काढून, गावकऱ्यांच्या साक्षी घेऊन, काडतुसे तपासून. टीव्हीवर त्या तपासाला किती वेळ मिळाला आणि क्षेपणास्त्रांच्या चित्रांना किती, ते तुम्ही पाहिलेच.

तेव्हा पोरांनो, तुम्हाला फुले वाहा असे कुणी सांगत नाही. पुन्हा असे काही घडले, आणि घडणार नाही असे आम्ही म्हणू शकत नाही, तर विचारायचे प्रश्न हे. केले कुणी, हे ठरले का? ठरवले कुणी, पुरावा कुणी पाहिला? उत्तराने पुढचा हल्ला थांबणार आहे की आपला राग थांबणार आहे? मरणार कोण? हे प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणतील. म्हणू देत. आपल्याला आजवर पुष्कळ काही म्हटले आहे.

समितीने ठरविल्याप्रमाणे येत्या रविवारपासून संध्याकाळी सात वाजता ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मधील अहिंसेचे प्रकरण आणि रोहिणीचे प्रकरण लागोपाठ वाचायला घेऊ. ग्रंथालयात चार प्रती आहेत, दोन फाटल्या आहेत, बांधून घ्यायच्या आहेत. त्या रविवारी ज्यांनी आवाज चढवला होता त्यांनी नक्की यावे, दोन्ही बाजूंनी. वाचन त्यांनीच करायचे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.